ॲलर्जीची टेस्ट: करण्याआधी आणि केल्यानंतर मला कळलेलं

केवडा

मागे एका धाग्यावर मी सहज लिहिलं होतं की माझी ॲलर्जीची ट्रीटमेंट चालू आहे आणि बराच फरक पडलाय. तेव्हापासून व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सारखे तेच प्रश्न येताहेत. टेस्ट रक्ताची केलीस की हाताची, गहू सोडलास का, इंजेक्शनं खरंच लागू पडतात का. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. पण या वाटेवर माझी चार महिने उपासमार झाली आणि ती टाळता आली असती, म्हणून लिहायचंच आहे.

आधी त्रास सांगते. सकाळी डोळे उघडले की वीस-पंचवीस शिंका, नाकातून पाणी, टाळूला आणि कानात आतून खाज. दहा वाजेपर्यंत कमी व्हायचं. पावसाळ्यात जास्त, दिवाळीच्या साफसफाईत तर विचारूच नका. नऊ वर्षं रोज रात्री सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेत होते.

मग ऑफिसात एका लॅबचं तपासणी शिबिर लागलं. दोनशेहून जास्त पदार्थांची ॲलर्जी एका रक्ताच्या नमुन्यात कळणार होती. मी भरपूर पैसे भरले. सात पानी रिपोर्ट आला, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा. लाल पट्टीत गहू, दूध, शेंगदाणे, तूरडाळ, कोळंबी, लसूण. मी सगळं बंद केलं. सासूबाई माझ्यासाठी वेगळी तांदळाची भाकरी आणि फोडणीत लसूण न घालता दुधीची भाजी करायच्या. कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं तरी हातात दिलेलं काही खाता यायचं नाही, म्हणून मी जाणंच सोडलं. चार महिन्यांत सात किलो वजन उतरलं. शिंका होत्या तेवढ्याच.

शेवटी ॲलर्जीचं काम करणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फाइल उघडलीच नाही. पाऊण तास नुसते प्रश्न. सकाळीच का होतं? गावी गेल्यावर काय होतं? गादी कापसाची का, किती वर्षांची? घरात ओल आहे का? झुरळं? नाक चोंदतं की गळतं? धाप लागते का, रात्री खोकला येतो का? मग म्हणाले, "गव्हाची पोळी खाल्ल्यावर काय होतं?" मी म्हटलं, काहीच नाही. "दूध प्यायल्यावर?" काहीच नाही. "मग सोडलं कशासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रिपोर्टशिवाय दुसरं कारणच नव्हतं.

त्यानंतर त्यांनी फाइल पाहिली आणि समजावलं. ती टेस्ट आयजीजी या प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) होती. आपण जे रोज खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी शरीरात तयार होतातच, शरीराला तो पदार्थ ओळखीचा झाल्याची ती खूण आहे. म्हणून तर माझ्या लाल पट्टीत रोजच्या जेवणातलेच पदार्थ होते! ज्या ॲलर्जीत शिंका, गांधी, सूज, दमा असं लगेच होतं तिच्यात आयजीई हा वेगळा प्रतिपिंड असतो. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच सांगून ठेवलंय की अन्नाच्या ॲलर्जीसाठी आयजीजी टेस्ट करू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या संस्थांनीही पुढे तेच सांगितलं. तरी आपल्याकडे ही पॅकेजं सर्रास विकली जातात, याचा मला आजही मनापासून राग येतो.

माझी खरी टेस्ट झाली ती स्किन प्रिक टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, सिस्टरने निळ्या पेनाने आकडे लिहिले. प्रत्येक आकड्याशेजारी एकेका अर्काचा थेंब: घरातल्या धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव), झुरळ, बुरशा, गवतं, गाजर गवत, कुत्रा, मांजर. मग प्रत्येक थेंबातून एका बारीक टोकदार लॅन्सेटने त्वचेला हलकंसं टोचायचं. रक्त येत नाही, दुखतही नाही. पंधरा मिनिटं हात टेबलावर ठेवून, न खाजवता बसायचं. यातला एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा असतो, तिथे काही उठायला नको. एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीरातून सुटून खाज-सूज आणणाऱ्या द्रव्याचा असतो, तिथे गांध उठलीच पाहिजे. या दोन थेंबांशिवाय बाकीच्या थेंबांना अर्थ नाही. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांध उठली तर तो थेंब पॉझिटिव्ह धरतात.

माझ्या हातावर माइटच्या दोन्ही थेंबांपाशी पांढुरक्या गांधी उठल्या, भोवती लाल वर्तुळ. झुरळाची अगदी छोटी. बाकी सगळं सपाट. खाण्याच्या पदार्थांची टेस्ट डॉक्टरांनी केलीच नाही. त्यांचं म्हणणं, तुमच्या हकिगतीत खाण्याबद्दल प्रश्नच नाही, तर टेस्टला उत्तर कशाचं विचारायचं? माझ्या मनात ते वाक्य कायमचं बसलं. त्या रात्री चार महिन्यांनी गव्हाची पोळी खाल्ली, तूप लावून.

पुढचं विचाराल तसं लिहीन.

---

रानवाट

केवडाताई, धागा काढल्याबद्दल आभार. माझंही असंच आहे, वर घरात मांजर आहे. घरचे म्हणतात आधी तिला कुणाला तरी देऊन टाक. टेस्ट करायचीय, पण मी रोज लिव्होसेटिरिझिन घेतो. ती चालू असताना टेस्ट केली तर चालते का? आणि बंद केली तर ते दिवस काढायचे कसे?

---

केवडा

रानवाट, नाही चालत. या गोळ्या हिस्टामिनचंच काम अडवतात, मग गांध उठणार कुठून? मला सात दिवस आधी बंद करायला सांगितलं होतं. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक गोळ्या-सिरपमध्येही क्लोरफेनिरामिनसारखं ॲलर्जीचंच औषध असतं, त्यामुळे "मी ॲलर्जीची गोळी घेतली नाही, फक्त सर्दीची घेतली" असं करून चालत नाही. झोपेसाठी, डोकेदुखीसाठी किंवा नैराश्यासाठी ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी चालू असेल तर तिचाही परिणाम होतो. पण ती आपल्या मनाने मुळीच बंद करू नका, ज्यांनी लिहून दिलीय त्यांना विचारा. दम्याचा पंप आणि नाकाचा स्टिरॉइड स्प्रे चालू ठेवायचा, त्याने टेस्ट बिघडत नाही. हातावर स्टिरॉइडचं मलम लावत असाल तर मात्र सांगा.

ते सात दिवस मी नाकाच्या स्प्रेवर आणि मिठाच्या पाण्याने नाक धुण्यावर काढले. पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, थेट नळाचं नाही. तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आले होते, खरं सांगते. पण निभलं.

मांजरीचं टेस्टआधी काही ठरवू नका.

---

कृष्णाकाठ

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, सांगलीकडे. केवडा यांनी नेमकं लिहिलंय, थोडी भर घालतो.

गोळी बंद करणं शक्यच नसेल, अंगभर एक्झिमा असेल, किंवा नखाने रेघ ओढली तरी त्वचा फुगून येत असेल, तर रक्तातली विशिष्ट आयजीई टेस्ट करतात. तिच्यावर गोळ्यांचा परिणाम होत नाही. पण तिथेही 'पॅनेल' नको. हकिगतीवरून ज्या चार-सहा गोष्टींचा संशय आहे तेवढ्याच मागवाव्यात. नुसती 'टोटल आयजीई', म्हणजे रक्तातलं सगळं आयजीई मिळून किती ते, करून आणणारे पेशंट रोज येतात, आकडा मोठा दिसला की घाबरलेले असतात. टोटल आयजीई जंतांनीही वाढते. ॲलर्जी कशाची आहे हे ती सांगत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आयजीई टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे 'संवेदनशीलता'. ॲलर्जी म्हणजे संवेदनशीलता आणि त्या गोष्टीच्या संपर्काने होणारा त्रास, दोन्ही. कर्नाटकात प्रौढांवर या विषयाचा मोठा अभ्यास झालाय. त्यात साधारण चौथा हिस्सा लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, आणि त्रास व आयजीई दोन्ही जुळणारे लोक निघाले साधारण १ टक्का. बाकीच्यांना कागद बघून पथ्य लावलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

आणखी एक. काही ठिकाणी अजून सुईने त्वचेच्या आत औषध भरून टेस्ट करतात, लसीच्या खुणेसारखा फुगवटा येतो ती. अन्नपदार्थांसाठी ती करू नये. खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण जास्त आणि रिॲक्शनचा धोकाही जास्त.

---

खाडीकाठची

डॉक्टर, माझा प्रश्न कोळंबीचा. आम्ही मालवणकडचे. जवळ्याची चटणी, कोळंबीचं सार यावर वाढले. गेल्या वर्षी रक्ताच्या टेस्टमध्ये कोळंबी पॉझिटिव्ह आली. खाऊन कधीही काही झालेलं नाही. माइटही पॉझिटिव्ह आहेत. कोळंबी सोडू का?

---

कृष्णाकाठ

खाडीकाठची, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कोळंबी, खेकडा, झुरळ आणि धुळीतले माइट यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि ते एकमेकांसारखं असतं. माइटविरुद्ध तयार झालेलं आयजीई टेस्टच्या नळीत कोळंबीच्या प्रथिनालाही चिकटू शकतं. किनारपट्टीच्या दमट हवेत माइट भरपूर, म्हणून असे रिपोर्ट कोकणातून बरेच येतात. वर्षानुवर्षं खाऊन त्रास नसेल तर कागदासाठी ताटातली कोळंबी काढायचं कारण नाही. मात्र खाल्ल्यावर तोंडात खाज, गांधी, उलट्या, धाप यातलं काहीही कधी झालं असेल तर घरी 'करून बघू' असा प्रयोग करायचा नाही.

जाता जाता, "कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, सीटी स्कॅनचं इंजेक्शन चालणार नाही" हा समज चुकीचा आहे. त्या ॲलर्जीचं कारण प्रथिन आहे, आयोडीन नाही.

---

खाडीकाठची

झालंच नाही कधी. आईला आत्ताच फोन केला, ती म्हणाली रविवारी ये.

---

ओवी_आई

माझा मुलगा चार वर्षांचा. दीड वर्षाचा असताना अंड्याचा पांढरा भाग खाल्ल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजले, तोंडाभोवती गांधी उठल्या. तेव्हापासून अंडं बंद. पण आता घरात सगळेच सावध झालेत. दूध बंद करा, शेंगदाणे नको, केळं नको. आजी म्हणतात त्याला सगळंच बाधतं. वजन वाढत नाहीये. टेस्ट किती वर्षांनी करायची? आणि ज्या लसीत अंडं असतं त्या द्यायच्या की नाही?

---

कृष्णाकाठ

ओवीच्या आई, हा खरा ॲलर्जीचा इतिहास आहे: ठरावीक पदार्थ, काही मिनिटांत त्रास, ठरावीक लक्षणं. पण तो अंड्याचा आहे. दूध, शेंगदाणे, केळं यांनी काही झालेलं नसेल तर ते परत सुरू करण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी लगेच बोला. वाढीच्या वयात विनाकारण पथ्य हेच मोठं नुकसान. दूध-अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. ती गेली का हे बघायला अधूनमधून टेस्ट करतात आणि आकडा उतरलेला दिसला तर रुग्णालयात, देखरेखीखाली, अगदी थोड्या प्रमाणापासून वाढवत खायला देतात. अन्नाच्या ॲलर्जीत शेवटचा शब्द या चाचणीचा. घरी करायची नाही.

गोवर-गालगुंड-रुबेलाची लस अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांनाही सुरक्षित आहे. ती चुकवू नका. बाकीच्या लसींच्या वेळी डॉक्टरांना ॲलर्जी सांगून ठेवा.

---

केवडा

ओवी_आई, आजींचा धीर सुटलेला असणार, कारण सुजलेले ओठ त्यांनी पाहिले असतील. त्यांनाही डॉक्टरांकडे बरोबर न्या. माझ्या सासूबाई आल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना थेट सांगितलं तेव्हा घरातलं वातावरण बदललं, मी सांगून बदललं नव्हतं.

---

माळरान

मी बारामतीच्या बाजूचा, शेती करतो. वडिलांचे हात, मान, चेहरा काळे-जाड पडलेत, पापण्या सुजतात, खाज अशी की रात्रभर झोप नाही. ऊन लागलं की वाढतं. आठ वर्षं मलमं चालू आहेत. त्यांची अशी हातावरची टेस्ट करावी का?

---

कृष्णाकाठ

माळरान, हा वेगळा प्रकार वाटतो आणि त्याची टेस्ट वेगळी. उघड्या भागांवर, पापण्यांवर, मानेच्या घड्यांत, शेतकऱ्याला, म्हटल्यावर पहिला संशय गाजर गवताचा. तुमच्याकडे काँग्रेस गवत म्हणत असतील. १९५०च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने त्वचेला ॲलर्जी होते, वाळलेल्या झाडाची धूळसुद्धा पुरते.

या ॲलर्जीत आयजीई नसतं, पेशी काम करतात आणि वेळ लागतो. म्हणून पॅच टेस्ट. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, परत एक-दोन दिवसांनी बघतात. तोवर पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घाम गाळायचा नाही. दुसऱ्यांदा बघायला गेलंच पाहिजे, काही पॉझिटिव्ह तेव्हाच दिसतात. केस काळे करायच्या रंगातलं पीपीडी, खोट्या दागिन्यांतलं निकेल, टिकलीचा गोंद, सिमेंटमधलं क्रोमियम, सगळ्यांसाठी हीच टेस्ट.

---

माळरान

डॉक्टरसाहेब, बांधावर आणि गोठ्यामागे ते गवत कमरेएवढं आहे. वडील दर पावसाळ्यात स्वतः हाताने उपटतात. आठ वर्षांत कुणी हे विचारलंच नाही.

---

कृष्णाकाठ

आजपासून त्यांनी त्याला हात लावायचा नाही. फुलोऱ्यावर येण्याआधी दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, मुळासकट काढा. जाळू नका, वडील घरात असताना तर नाहीच. शेतातले कपडे घरातल्या कपड्यांत धुवायचे नाहीत. आणि आठ वर्षांत कोणकोणती मलमं झाली त्यांच्या ट्यूब सोबत न्या. कडक स्टिरॉइड मलम इतकी वर्षं चेहऱ्यावर लावलं असेल तर तो वेगळा त्रास असतो.

---

शुभ्रा_७

माझ्या अंगावर रोज संध्याकाळी पित्त उठतं. पाच महिने झाले. आमसुलाचं पाणी लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. वांगं, हरभरा डाळ, दही सगळं सोडून झालं. कुठली टेस्ट करू?

---

केवडा

शुभ्रा, माझ्या बहिणीला हेच होतं, म्हणून तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं लिहिते. सहा आठवड्यांहून जास्त दिवस, कुठल्याही ठरावीक कारणाशिवाय जवळजवळ रोज उठणाऱ्या गांधी म्हणजे बहुतेक वेळा बाहेरच्या पदार्थाची ॲलर्जी नसतेच. शरीराची स्वतःचीच यंत्रणा त्वचेतल्या पेशींना उठवत असते. तिला ॲलर्जीची टेस्ट केलीच नाही, साधी रक्ततपासणी आणि थायरॉइड बघितलं. गोळी खाज सुटल्यावर न घेता रोज ठरल्या वेळी घ्यायला लावली. एका गोळीने भागेना तेव्हा डॉक्टरांनीच मात्रा वाढवली. ती चौपटीपर्यंत वाढवता येते, पण त्यांच्याच सल्ल्याने. त्यानेही थांबलं नाही तर ओमालिझुमॅब नावाचं इंजेक्शन असतं. तिला ती वेळ आली नाही. दही-वांगी तिने परत सुरू केली आणि गांधी त्याने वाढल्या नाहीत. एखादी दुखण्यावरची गोळी घेतल्यावर वाढतात का तेवढं मात्र बघा.

आमसूल लावायला काहीच हरकत नाही, गार वाटतं. ओठ-जीभ सुजली तर मात्र घरी थांबायचं नाही.

---

दर्यावर्दी

दुखण्यावरच्या गोळीचा विषय निघाला म्हणून. माझे मोठे भाऊ, वय ५२. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी घेतली. वीस मिनिटांत अंगभर गांधी, आवाज घोगरा, मग चक्कर. जवळच्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं दिली आणि "आता बरं वाटेल, उठून बसा" म्हणाले. उठले आणि कोसळले. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर तिथे मांडीत इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत रंग परत आला. आता ठीक आहेत. आम्हाला अजून कळलं नाही की पहिल्या ठिकाणी काय चुकलं.

---

कृष्णाकाठ

वाचून काळजी वाटली. भाऊ वाचले हे फार बरं झालं.

त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे अंगभर झपाट्याने पसरणारी जीवघेणी ॲलर्जी. त्यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत, मुलांना वजनाप्रमाणे, आणि फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. एविल (ॲलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन) आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन ही नंतरची औषधं. त्यांची वाट बघण्यात ॲड्रेनलिनला उशीर होतो आणि तिथेच माणसं जातात. दुसरं, उठवायचं नाही. रक्तदाब पडलेला असतो, आडवं ठेवून पाय वर करायचे. धाप असेल तर पाय लांब पसरून टेकवून बसवायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं तर नाहीच. १०८ ला फोन. बरं वाटल्यावरही काही तास रुग्णालयात थांबायचं, कारण काही जणांना तो झटका परत येतो.

परदेशात ॲड्रेनलिनचं तयार पेन खिशात ठेवतात. आपल्याकडे ते कुठल्याही औषधाच्या दुकानात सहज मिळेल असं नाही. ज्यांना असा झटका येऊन गेलाय त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून घरी काय ठेवायचं, किती आणि कसं द्यायचं हे लेखी घ्यावं आणि घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावं.

वेदनाशामकांच्या ॲलर्जीची भरवशाची रक्ताची किंवा हातावरची टेस्ट नाही. त्यामुळे भावांनी 'डायक्लोफिनॅक' असं नाव लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवावं. त्याच जातीच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही होऊ शकतं, म्हणून कुठली चालेल हे तज्ज्ञाकडून ठरवून घ्या. पेनिसिलिनचं उलट आहे. लहानपणी कधीतरी पुरळ आलं म्हणून जन्मभर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का घेऊन फिरणाऱ्यांची रीतसर तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना ते चालतं.

---

दर्यावर्दी

कार्ड आजच करतो. आभार, डॉक्टर.

---

निळावंती_म्युनिक

मी जर्मनीत आहे. इथे गवताच्या परागकणांसाठी जिभेखाली ठेवायची गोळी चालू आहे. पहिली गोळी दवाखान्यात घेऊन अर्धा तास बसवलं होतं, पुढच्या घरी. पण परवा कळलं की नाशिकला माझ्या मामांना ॲलर्जीच्या इंजेक्शनच्या बाटल्या कुरिअरने घरी येतात आणि शेजारचा मुलगा टोचून जातो. मामांना दमा आहे. हे बरोबर आहे का?

---

केवडा

निळावंती, मामांना आजच फोन करा आणि पुढचं इंजेक्शन घरी घेऊ देऊ नका. मी स्वतः तेवीस महिने इंजेक्शनं घेतेय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते. ज्याची ॲलर्जी आहे तेच आपण अंगात भरत असतो. कल्पना जुनी आहे, १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क टोचून ती पहिल्यांदा मांडली. थोड्यापासून सुरू करून मात्रा वाढवत नेतात, शरीराला सवय लावतात. पण रिॲक्शन येऊ शकते, आणि ती आली तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासात. म्हणून इंजेक्शननंतर ३० मिनिटं दवाखान्यातच बसायचं, तिथे ॲड्रेनलिन हाताशी असतं.

आमच्याकडे दर वेळी आधी विचारतात, या आठवड्यात ताप, खोकला, धाप? मग एका नळीत फुंकायला लावून फुप्फुसाचा जोर बघतात. मागच्या ऑगस्टमध्ये मला खोकला होता तर इंजेक्शन न देता परत पाठवलं. दमा आटोक्यात नसताना हे इंजेक्शन द्यायचंच नसतं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर तेही आधी सांगावं लागतं, कारण मग ॲड्रेनलिन नीट लागू पडत नाही. गरोदरपणात नव्याने सुरू करत नाहीत, आधीपासून नीट चालू असेल तर चालू ठेवता येतं.

आणखी एक विचारा: मामांच्या बाटलीत कशाकशाचा अर्क आहे? दहा-बारा गोष्टींची खिचडी असेल तर प्रत्येकाची मात्रा इतकी पातळ होते की उपयोग होत नाही. माझ्या बाटलीत फक्त माइट आहेत.

आणि हे तीन वर्षांचं काम आहे, कधी पाच. मला पहिले पाच महिने काडीचा फरक नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यात लक्षात आलं की सकाळी उठून मी सरळ चहा ठेवते आहे. वर्षभरात काहीच फरक नसेल तर मात्र थांबून परत विचार करायचा.

---

निळावंती_म्युनिक

फोन केला. बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही, फक्त १, २, ३ असे आकडे. उद्या मामी छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जातेय.

---

पारिजात

इंजेक्शन परवडत नसेल तर काय? मी मॉन्टेलुकास्ट-लिव्होसेटिरिझिनची एकत्र गोळी दीड वर्ष घेतेय. दुकानदार देतो. आणि नाक बंद झालं की थेंब.

---

कृष्णाकाठ

पारिजात, दोन्हींबद्दल स्पष्ट बोलतो.

नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांच्या वर नकोत. नंतर थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं. मॉन्टेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सगळ्यात कडक इशारा दिला: मूड बदलणं, वाईट स्वप्नं, नैराश्य, आत्महत्येचे विचार. साध्या ॲलर्जिक सर्दीसाठी ते पहिलं औषध नव्हे. सगळ्यांना असं होतं असं मुळीच नाही, पण दीड वर्ष दुकानदाराकडून घेण्याची ती गोळी नाही. दम्यासाठी दिली असेल तर मात्र परस्पर बंद करू नका, विचारून करा.

रोजच्या चोंदलेल्या नाकासाठी स्टिरॉइडचा स्प्रे हा चांगला आणि इंजेक्शनांपेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहे. 'स्टिरॉइड' शब्दाला घाबरू नका, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि बहुतेक नाकातच राहते. लोक "काही उपयोग नाही" म्हणतात कारण दोन दिवस मारून सोडतात. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. आधी नाक शिंकरा. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुका. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं. जोरात ओढायचं नाही, घशात जाऊन वाया जातं.

---

पारिजात

मी मान पूर्ण मागे टाकून मारायचे. कुणी दाखवलंच नव्हतं. आणि स्वप्नांचं म्हणालात ते... मला खरंच फार वाईट स्वप्नं पडतात हल्ली. मी याच्याशी कधी जोडलं नव्हतं.

---

कृष्णाकाठ

पारिजात, या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि स्वप्नांचं नक्की सांगा. मन फार खचल्यासारखं वाटलं तर थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगून जा.

---

केवडा

पारिजात, भेटून आलात की इथे दोन ओळी लिहा. वाट बघते.

माइटबद्दल व्यनितून विचारलंय, तेही लिहून टाकते. ते आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि हवेतल्या ओलीवर. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा, म्हणून ते मेले तरी धुवावं लागतं. मी चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुते. एकोणीस वर्षांची कापसाची गादी काढून टाकली, नवीन गादीला आणि उशांना चेन असलेली घट्ट विणीची खोळ घातली. झोपायच्या खोलीतला गालिचा आणि जाड पडदे गेले. झाडू मारत नाही, ओल्या फडक्याने पुसते, आणि ते काम सध्या माझा नवरा करतो. नुसती खोळ घेऊन फार फरक पडत नाही, सगळं मिळून थोडा पडतो.

---

पारिजात

जाऊन आले. गोळी बदलली, स्प्रे दिला, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. स्प्रे कसा मारायचा ते त्यांच्यासमोर करून दाखवलं.

---

रानवाट

ताई, सात दिवस काढले. पाचवा दिवस वाईट होता. आज टेस्ट झाली. माइट पॉझिटिव्ह, एका बुरशीची लहानशी गांध, आणि मांजर पूर्ण निगेटिव्ह. आईला फोटो पाठवला.

---

केवडा

फार बरं वाटलं! हिस्टामिनच्या थेंबाची गांध किती आली ते लिहून दिलंय ना? तीच आली नसेल तर मांजरीच्या निगेटिव्हवर विसंबता येणार नाही.

---

रानवाट

लिहिलंय. ६ मिलिमीटर. मिठाच्या पाण्याची शून्य.